एल्माच्या गाडीचा क्लच

१

रूडी किनूनेनची सगळी नोकरी बर्फ काढायच्या ट्रकांच्या पोटाखाली पडून गेली होती. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. सकाळची कॉफी पोटात गेली की त्याचे पाय आपोआप घरामागच्या लाकडी गॅरेजकडे वळायचे, ते जेवायच्या हाकेलाच परत यायचे. "मी मेले तर ते तुला जेवायच्या वेळेलाच कळेल," असं एल्मा, त्याची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची आणि रूडी खाली बघून हसायचा.

नोव्हेंबर लागला आणि एल्माच्या गाडीचा क्लच जळाला. गाडी जुनी, हिरवी, हाताने गिअर टाकायची. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला तशी गाडी आता कुणाच्या दारात उरली नव्हती; पण एल्माला दुसरी नको होती. आणि गाडी आत्ताच हवी होती. तिची धाकटी बहीण व्हिएनो मार्क्वेटला एकटीच राहत होती. ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुटली की तिच्याजवळ राहायला, तिला व्यायामाला न्यायला-आणायला कुणीतरी लागणार होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे एल्मा.

रूडीला गाडी चालवायची बंदी होती. मागच्या हिवाळ्यात त्याला फिट आली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, पुन्हा फिट येण्याआधी कधी नसलेला वास येईल, कधी नसलेला आवाज ऐकू येईल. घाबरू नका, पण कळवा. तसं काही अजून झालं नव्हतं. बरं, दोघांनीही घर सोडून जायचं म्हटलं तर तळघरातली लाकडाची भट्टी विझणार आणि थंडीने पाण्याचे नळ फुटणार. म्हणजे एल्मा एकटी जाणार, हे ठरलेलंच.

रूडीने गिअरबॉक्स एकट्याने उतरवला. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग. सगळं पुसून, तपासून, बोल्ट सारखे आवळून परत चढवलं. मग गाडीत बसून चावी फिरवली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेला.

गिअर पडेना.

इंजिन बंद केलं. आता सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले. इंजिन चालू केलं, पुन्हा एकही नाही.

"क्लच पूर्ण सुटत नाहीये," तो जेवताना एल्माला म्हणाला. "नळीत हवा राहिली असणार. उद्या थोडा वेळ येऊन बस गाडीत. हवा काढून टाकू."

"म्हणजे तुझ्या गॅरेजमध्ये मला शेवटी प्रवेश मिळाला म्हणायचा," एल्मा म्हणाली.

२

हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. दुसऱ्याने गाडीखाली पडून तेलाच्या नळीच्या टोकाचा छोटा नट सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. पुन्हा दाबायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

सकाळ स्वच्छ होती, पण ऊन नावालाच. गॅरेजचं मोठं दार उघडं होतं. रूडी चाकांच्या फळीवर पाठीवर पडून गाडीखाली सरकला. वर एल्मा बसली, तेव्हा सीट करकरली.

"दाब."

"दाबलं."

नट सैल, बुडबुडे, नट घट्ट.

"सोड."

"सोडलं."

एल्माचा आवाज गाडीच्या पत्र्यातून जरा बसका येत होता. थोड्या वेळाने दोघांना लय सापडली. चर्चमध्ये पाद्री एक ओळ म्हणतो आणि माणसं दुसरी म्हणतात, तसं चाललं होतं. रूडीला बरं वाटत होतं. किती वर्षांत दोघांनी मिळून असं एखादं काम केलं नव्हतं.

फक्त बुडबुडे थांबत नव्हते. एवढ्याशा नळीत एवढी हवा मावेल कशी? त्याने जोड तपासले. कुठे गळत नव्हतं.

"दाब."

"दाबलं."

आणखी काही वेळाने त्याच्या लक्षात आलं की उत्तर जरा लवकर येतंय. त्याचा 'दाब' पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत वरून 'दाबलं' येत होतं. लय बसली की असं होतंच, त्याने मनाशी म्हटलं. मग त्याने मुद्दामच थांबून बघितलं. श्वास घेतला, ओठ उघडले, पण बोलला नाही.

"दाबलं," वरून आवाज आला.

रूडीने हसायचा प्रयत्न केला. मान वळवली. गाडीच्या पोटाखालून, उघड्या दारातून त्याला अंगणाची एक पट्टी दिसत होती. गोठलेलं गवत, रस्ता, आणि रस्त्यापलीकडे टपालपेटी. पेटीपाशी तांबडे रबरी बूट उभे होते. एल्माचे. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि बूट रस्ता ओलांडून घराकडे निघाले. ते पायरीपाशी थांबले. चिखल झटकायला त्यांनी टाचा आपटल्या, अगदी एल्मा आपटते तशा. मग ते वर चढले आणि दिसेनासे झाले.

"रूडी," वरून एल्मा म्हणाली, "दाबलंय."

३

तो किती वेळ तसाच पडून राहिला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. हातातला पाना नटावर होता. वर कुणी हललं नाही. श्वासाचा आवाज येतोय का म्हणून त्याने कान दिला, तेव्हा त्याला स्वतःचाच ऐकू आला.

शेवटी त्याने ठरल्याप्रमाणे नट आवळला, कारण हाताला दुसरं काही सुचेना, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सोड."

पेडल वर आल्याचा खटका झाला. "सोडलं."

तो विरुद्ध बाजूने बाहेर सरकला आणि भिंतीला धरून उभा राहिला. गाडीत कुणी नव्हतं. दोन्ही दारं बंद होती. त्याने सीटवर हात ठेवला. सीट थंड होती. पण ती शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती. एल्मा ठेंगणी. सीट पार पुढे घेतल्याशिवाय तिचा पाय पेडलला पोचत नसे.

स्वयंपाकघरात वेलदोड्याचा घमघमाट होता. एल्मा ओव्हनमधून गोड पाव काढत होती.

"तू गाडीतून कधी उठलीस?" त्याने विचारलं.

"तू म्हणालास तेव्हा."

"मी काय म्हणालो?"

"आता हे काय नवीन?" एल्माने पाव ओट्यावर ठेवला. "‘झालं, जा तू, पाव करपेल,’ म्हणालास. मला तर गहिवरूनच आलं. जन्मात पहिल्यांदा तुला माझ्या पावाची काळजी वाटली."

रूडी खुर्चीत बसला. ओव्हनमध्ये पाव आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"चेहरा का असा झालाय? बरं वाटत नाही का?"

"गाडीखाली गारठलो," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले होते, आवाज ऐकू येईल. आला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फिटच्या आधी मेंदू काहीही रचतो. टाचा आपटणारे बूट रचतो, बायकोचा आवाज रचतो. एल्माला सांगितलं तर ती त्याला एकटं टाकून जाणार नाही आणि तिकडे व्हिएनो बिछान्यात पडून वाट बघत राहील. म्हणून सांगायचं नाही. एवढं ठरवून त्याने पावाचा तुकडा मोडला. मग तो तुकडा तसाच हातात राहिला, कारण त्याच्या मनात आलं, फिट आपल्याला येते. एल्माला नाही. मग तिला आपण न बोललेलं ऐकू कसं आलं?

४

दुसऱ्या दिवशी त्याने लेलंड सार्वेलाला बोलावलं. लेलंड शेजारी, शाळेची बस चालवण्यात केस पिकलेला माणूस. अंगाने आडवा, तोंडाने सैल.

"प्लेट उलटी बसवली नाहीस ना, लेका?" त्याने दारातूनच विचारलं.

"उलटी बसवायला मी काय तुझा मेहुणा आहे?"

"मेहुण्याचं नाव काढू नकोस, अन्न पचत नाही."

रूडीला त्या थट्टेने जीवात जीव आल्यासारखं झालं. त्याने गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवलीच होती. लेलंड आत बसला, इंजिन चालू केलं, पेडल दाबलं. रूडीने बाहेरूनच, गुडघ्यावर बसून, बॅटरीचा झोत खाली टाकला. क्लचचा दांडा हवा तेवढा, पुरता सरकत होता. नळी चांगली होती. दांडा चांगला होता. जे जे बिघडू शकतं ते ते चांगलं होतं.

"टाक पहिला."

लेलंडने गिअरची दांडी पुढे रेटली. पडला नाही. दुसरा, तिसरा, रिव्हर्स. मग तो थांबला. दांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत बसला. हळूच, अगदी बोटभर, त्याने दांडी पुढे ढकलली. दांडी बोटभर मागे आली. त्याने पुन्हा ढकलली. पुन्हा मागे आली, या वेळी जरा जास्त.

लेलंडने इंजिन बंद केलं, बाहेर आला आणि तळहात विजारीला पुसला.

"रूडी, गिअर अडतो तेव्हा करकरतो."

"हो."

"हा करकरत नाहीये."

"मग?"

"जाऊ दे." लेलंड त्याच्याकडे न बघता म्हणाला. "हिला ठेव इथेच. एल्माला मी माझ्या ट्रकमधून सोडतो."

"तिला तिथे गाडी लागणार, रोजची. तुझा ट्रक काय तिला देऊन टाकणार आहेस?"

लेलंडने टोपी उचलली. दारापाशी जाऊन वळला. "आणि तिला सांग, माझ्यावर ओरडायचं कारण नव्हतं. मी काही तिची गाडी मोडत नव्हतो."

"कोण ओरडलं?"

"एल्मा. आत्ताच नाही का म्हणाली, ‘लेलंड, उठ माझ्या मांडीवरून’? मला वाटलं, थट्टा करतेय. पण आवाज थट्टेचा नव्हता."

एल्मा सकाळपासून चर्चच्या स्वयंपाकघरात होती. पाद्र्याच्या बायकोने येऊन तिला नेलं होतं, हे लेलंडने स्वतःच्या खिडकीतून पाहिलं होतं. ते त्याला आत्ता आठवलं असावं. त्याचा चेहरा पडला. त्याने टोपी घातली आणि तो अंगणातून न जाता रस्त्याने वळसा घेऊन घरी गेला.

५

संध्याकाळी व्हिएनोचा फोन आला. तिला उद्या घरी सोडणार होते. फोन ठेवून एल्मा टेबलाशी येऊन बसली. तिची बॅग भरून दारात ठेवलेली होती.

"रूडी, खरं सांग. जमणार आहे का? नसेल तर मी दुसरं काही बघते. पण मला खोटी आशा दाखवू नकोस. ती पोर रडत होती फोनवर."

पोर म्हणजे साठीची व्हिएनो. आई गेल्यावर एल्मानेच तिला मोठी केली होती.

"सकाळी गाडी दारात उभी असेल," रूडी म्हणाला.

उजाडताच तो गॅरेजमध्ये गेला. आज त्याला कुणी आत बसायला नको होतं. हवा काढायची आणखी एक रीत असते: नट सैल करून नुसतं पडून राहायचं. तेल आपल्याच वजनाने थेंब थेंब गळतं आणि हवा घेऊन जातं. त्यात बोलायचं नसतं.

थेंब बरणीत पडू लागले. बुडबुडा एकही नव्हता. दारातून उजेडाची पट्टी आत आली होती आणि लांब कुठेतरी कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. रूडीला वाटलं, झालं. कालपरवाचं सगळं डोक्यातलं होतं.

वर सीट करकरली.

तो बोलला नाही. डोळे मिटून घेतले.

"दाबलं," एल्माचा आवाज म्हणाला. तेलाची धार उसळून त्याच्या मनगटावर आली. त्याने चाचपडत नट आवळला.

"रूडी, दाबलंय मी. किती वेळ दाबून ठेवू?"

आवाज दमलेला होता. व्हिएनोच्या पडण्याची बातमी आली त्या दिवशी एल्मा असंच बोलली होती, भिंतीला टेकून. रूडीला रडू यायला लागलं. वर जे काही आहे ते त्याच्या बायकोचं दमणंसुद्धा ओळखत होतं.

"काय पाहिजे?" तो पुटपुटला.

 मग अगदी खाली वाकून, जणू पत्र्याला ओठ लावून, ती म्हणाली, "आता तू सोड."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्या डाव्या हाताने कशाला तरी गच्च धरलंय. गिअरबॉक्सची कड असेल. दुसरं काय असणार? पण या थंडीत लोखंड गार हवं होतं, आणि हे तसं गार नव्हतं. घरात एल्माची लगबग ऐकू येत होती, कपाटं उघडत होती, मिटत होती. तिला जायचं होतं. तिकडे व्हिएनो होती. आणि तो इतका दमला होता.

त्याने बोटं सैल केली.

वर सीट एकदा करकरली. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. रूडी बाहेर आला, गाडीत बसला, इंजिन चालू केलं आणि दोन बोटांनी दांडी पुढे सारली.

पहिला गिअर पडला.

६

एल्माने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. "माझा कारागीर," ती म्हणाली. "भट्टीत लाकडं टाकत जा. आणि कॅन उघडून थंड सूप पिऊ नकोस, गरम कर."

"सावकाश जा," तो म्हणाला. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. ती काच वर करेपर्यंत त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. गाडी चढावर गेली. पहिला, दुसरा, तिसरा, एकदाही न अडखळता. तो आवाज विरेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

दुपारी जेवण गेलं नाही. तो फोनजवळच बसून होता. फोन वाजला तेव्हा पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"पोचले रे!" एल्माचा आवाज मोकळा होता. मागे दवाखान्याची वर्दळ होती, ढकलगाडीची चाकं वाजत होती. "व्हिएनो बरी आहे, झोपलीये. कागदपत्रं व्हायची आहेत. आणि गाडीचं काय सांगू! गिअर इतके हलके, मला तर वाटत होतं, मी हात लावायच्या आत तूच टाकतोयस."

रूडी खुर्चीतून उठला. "एल्मा, ऐक. परत त्या गाडीत बसू नकोस. लेलंडला घेऊन मी—"

"एल्मा," तिच्यामागे कुणीतरी हाक मारली. पुरुषाचा आवाज, जरा घोगरा, शब्दाच्या शेवटाला ओढणारा. "चल ना. गाडी चालू ठेवून आलोय."

"आले, आले रे, रूडी," एल्मा तोंड फिरवून म्हणाली. आयुष्यभर ती असंच म्हणत आली होती.

मग ती थांबली. ढकलगाडी लांब गेली. फोनमध्ये तिचा श्वास तेवढा राहिला.

"रूडी," ती फोनमध्ये अगदी हळू म्हणाली, "तू कुठून बोलतोयस?"

त्याने तोंड उघडलं.

"इथूनच की," तिकडून तोच घोगरा आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

७

लेलंडने एक शब्दही न विचारता ट्रक काढला. वाटेत हिमाची भुरभुर सुरू झाली. रूडी लेलंडच्या मोबाइलवरून पुन्हा पुन्हा तिला फोन लावत होता, तो लागत नव्हता.

दवाखान्याच्या आवारात हिरवी गाडी उभी होती. इंजिन बंद. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांवर हिम साचलं होतं. हिच्या टपावर नव्हतं. काचा आतून पूर्ण धुरकटल्या होत्या, बंद गाडीत कुणी खूप वेळ श्वास घेत बसलं की धुरकटतात तशा. चालवणाऱ्याच्या बाजूला काचेवर हाताने पुसल्यासारखी एक स्वच्छ जागा होती. रूडी पुढे झाला. लेलंडने त्याचा दंड धरला.

"बघू नकोस," तो म्हणाला. "आधी तिला बघ."

व्हिएनो औषधाच्या गुंगीत होती. एल्मा पलंगापलीकडे खुर्चीवर बसली होती. अंगात कोट, हात पलंगाच्या दांडीवर. ती धडधाकट होती.  तो तिच्याकडे निघाला.

"तिथेच थांब," एल्मा म्हणाली.

तो थांबला.

तिने त्याला खालून वर न्याहाळलं. बूट, तेलाने काळी झालेली नखं, पडलेले खांदे. डोळे रडून सुजले होते, पण आता कोरडे होते.

"तू आमच्या घरी पहिल्यांदा आलास तेव्हा आईने काय वाढलं होतं?"

"खारवलेली मासळी आणि बटाटे," रूडी म्हणाला.  "माझ्या घशात काटा अडकला. पाहुणा म्हणून लाज वाटली, म्हणून मी बोललो नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळत राहिलो. तूच तेवढी बघितलंस. टेबलाखालून पावाचा तुकडा दिलास. हे आपण कुणालाच सांगितलं नाही, एल्मा. कधीच नाही."

त्याला वाटलं, आता तिचा चेहरा सैल होईल, आता ती उठेल. एल्मा त्याच्याकडे बघत राहिली. तिने झोपलेल्या बहिणीचा हात आपल्या दोन्ही हातांत ओढून घेतला.

"हो," ती म्हणाली. "त्यानेही हेच सांगितलं."